पोस्टातले किमुरा आजोबा

क्योतोहून निघालेली गाडी डोंगर ओलांडून उत्तरेला आली, तेव्हा देवळं आणि पर्यटकांची गर्दी मागे पडली होती. पुढे छोट्या रेल्वेनं तांगो द्वीपकल्पात शिरले आणि पाऊस लागला. इथे म्हणतात, एक वेळ जेवणाचा डबा विसरा, पण छत्री विसरू नका.

मला जिरोएमोन किमुरा यांचा मुलूख बघायचा होता. जन्म 19 एप्रिल 1897, मृत्यू 12 जून 2013. वयाचे पुरावे तपासून झालेल्या पुरुषांमध्ये 116 वर्षं 54 दिवस एवढं आयुष्य आजवर दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही.

क्योगामिसाकीच्या टोकावर पांढरा दीपस्तंभ आहे. तो 1898 साली पेटला, तेव्हा किमुरा आजोबा दोन वर्षांचेही नव्हते. खाली जपानचा समुद्र, जवळच सोदेशीची भातखाचरं पायरीपायरीनं पाण्याकडे उतरतात. इथली हवा सोपी नाही. हिवाळ्यात बर्फ, आणि 1927 च्या भूकंपानं तर हा भाग उद्ध्वस्तच केला होता.

त्यांचं मूळ नाव किंजिरो मियाके. बायकोच्या घरी मुलगा नव्हता, म्हणून ते घरजावई झाले आणि त्या घराण्यातले नववे जिरोएमोन म्हणून ओळखले जाऊ लागले. चाळीसहून जास्त वर्षं पोस्टात नोकरी केली, 1962 मध्ये निवृत्त झाले आणि मग नव्वदीपर्यंत मुलाच्या शेतात राबले. सकाळी भाताची पेज आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप. कोकणात वाढलेल्या मला त्या पेजेचं फार अप्रूप वाटलं. जेवण बेताचं. भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचायचं, टीव्हीवर सुमो कुस्त्या आणि संसदेतल्या चर्चा बघायच्या.

क्योतांगोत, म्हणजे इथल्या शहरात, शंभरी गाठलेली माणसं देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. क्योतोच्या वैद्यकीय विद्यापीठातले संशोधक इथल्या वृद्धांच्या रक्तवाहिन्या, आहार, आतड्यांतले जिवाणू तपासतात. दुपारी याच शहरातल्या आमिनो भागात बाराझुशी खाल्ली. आंबूस भातावर बांगड्याचा गोडसर चुरा, अंड्याच्या पट्ट्या, आळंबी. सणासुदीचं हे जेवण इथल्या घराघरांत होतं.

किमुरा आजोबांबद्दल लिहिताना सगळे 'कमी खा' एवढंच उचलतात. मला तेवढं पुरत नाही. बायको 1978 मध्ये गेली. पुढे थोरला मुलगा गेला, नातूही गेला. शेवटच्या वर्षांत त्या घरात त्यांच्याबरोबर दोघीजणी राहत होत्या: ऐंशी ओलांडलेली विधवा सून आणि साठीला टेकलेली विधवा नातसून. स्वतः म्हातारी झालेली सून सासऱ्यांचं सगळं करत होती. विक्रमाच्या नोंदीत फक्त त्यांचं नाव आहे. पण ती पेज रोज सकाळी वेळेवर पुढ्यात येत होती ती या दोघींमुळे, आणि मला वाटतं, 116 वर्षांतला मोठा वाटा त्यांचा आहे.