तुम्ही विचारलंत म्हणून: हजेरीला आडनाव का नाही?

साताऱ्यात हायस्कूलला शिकवते. पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी येतोच: "बाई, हजेरीला पोरांची आडनावं का घेत नाही तुम्ही?"

कॅटलॉगात पूर्ण नाव असतंच, ते लागतं. मी हाक तेवढी पहिल्या नावाने मारते.

नोकरीच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मी भर वर्गात प्रवर्ग पुकारून पोरांना उभं करायची. सगळेच करायचे. एकदा गणितात तल्लख असलेला एक मुलगा उभा राहिला, बाकाची कड घट्ट धरून. खाली बसला तेव्हा शेजारचा जरासा सरकला होता. बोटभरच. पण त्या वर्षी त्या मुलाने उत्तराला परत हात वर केला नाही. तेव्हापासून फॉर्मसाठी एकेकाला स्टाफरूममध्ये बोलावते.

आमच्याच साताऱ्यात, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, भिवा या नावाची. म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पोरांना ती नोंद सांगते तसं गोणपाटही सांगते. रजिस्टरात नाव सगळ्यांबरोबर, वर्गात बसायला मात्र बाजूला, घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळेत नाव घातलं म्हणजे पोर शाळेचं झालं असं मी म्हणूच शकत नाही.

कर्मवीर अण्णांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, हे पुरतं कळलं होतं. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, राबायची आणि शिकायची. समतेवर व्याख्यानं देत बसण्यापेक्षा शेजारच्याच्या ताटात भाकरी वाढायला लावणं मला फार मोठं वाटतं. 'मी माझ्या कष्टावर शिकतोय' ही ओळख त्या पोरांनी घरी नेली, आणि गावाला ती मान्य करावी लागली.

आणि नकुशा. मुलगाच हवा म्हणून मुलीचं नावच 'नकुशा' ठेवायचे आपल्याकडे. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन जिल्ह्यातल्या दोनशेहून जास्त मुलींना नवी नावं दिली. माझ्या वर्गात त्यातली एक होती. आधी तिची 'हजर' ऐकायला मला मान वर करावी लागायची. नवं नाव तिने स्वतः निवडलं होतं. पहिल्या दिवशी ते पुकारलं तर ती गप्पच. हे आपल्याला म्हणतायत हे तिच्या लक्षातच येईना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेवटच्या बाकावरून खणखणीत 'हजर' आली, तेव्हा माझाच पेन थांबला.

आडनाव गाळल्याने जात जात नाही, ठाऊक आहे मला. कुणाला अभिमानाने पूर्ण नाव सांगायचं असेल तर जरूर सांगावं. फक्त ते त्याने सांगावं, मी पुकारू नये.

यंदा वर्गात एकाच नावाच्या दोघी आहेत. ओळखू कशा म्हणून त्यांनाच विचारलं. एक म्हणाली, "बाई, माझ्या नावापुढं आईचं नाव घ्या." दुसरी लगेच, "मग माझ्यापण."