दोन निळ्या टिक आणि बर्फाचं पाणी

मेसेज वाचलाय, निळ्या टिक दिसतायत, उत्तर मात्र नाही. इतरांची ती पाच मिनिटं असतात. माझी तेवढ्यात मैत्री तुटलेली असायची.

पुण्यात हॉस्टेलवर होते तेव्हा सगळा जीव एका रूममेटमध्ये अडकलेला. ती हसून बोलली की दिवस सोन्याचा. दुसऱ्या कुणाबरोबर चहाला गेली की तिच्यासारखी दगाबाज जगात नाही. रात्री एकला बावीस मेसेज, सकाळी सहाला हातापाया पडणं. दोन वर्षं सोसलं बिचारीने.

आधी एका डॉक्टरांनी बायपोलर समजून गोळ्या सुरू केल्या. नंतरच्या मॅडमनी विचारलं, "बिघडलेला मूड किती वेळ टिकतो?" म्हटलं, "तिचा फोन येईपर्यंत." त्या लिहायच्या थांबल्या. बायपोलरमधला चढउतार सहसा कित्येक दिवस चालतो. माझा तासातासाला, आणि मागे दर वेळी एखादं माणूस. नऊ लक्षणांपैकी पाच भरली की बॉर्डरलाइन म्हणतात, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला नेणारा व्यक्तिमत्त्वाचा विकार. माझी सात निघाली.

गोळ्या झोपेपुरत्या उरल्या, मग डीबीटी सुरू झाली, म्हणजे उसळलेल्या भावना सांभाळायला शिकवणारी बोलण्याची थेरपी. ही पद्धत अमेरिकेत सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांची. तरुणपणी आपणही दोन वर्षांहून जास्त मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते ऐकलं त्या दिवशी मी पहिल्यांदा वेळेवर गेले.

रोज रात्री कार्ड भरायचं : राग, लाज, भीती, शून्य ते पाच. पहिल्या आठवड्यात मी सगळीकडे तीन लिहून नेलं. मॅडमनी कार्ड तसंच परत दिलं. आणि डोक्यात वणवा पेटला की श्वास रोखून चेहरा बर्फाच्या पाण्यात. त्याने ठोके मंदावतात (हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). मी मेसमधलं वरणाचं पातेलं वापरायचे. हिंगाच्या वासासकट.

खरी परीक्षा गणपतीत. मॅडम दहा दिवस कोकणात गेल्या आणि मी मेसेज टाकला, "थेरपी बंद करतेय." कारण आता त्याही सोडून गेल्या होत्या ना! उत्तर आलं, "सोमवारी चारला भेटू." चार वाजता मी खुर्चीत होते, तोंड फुगवून.

रूममेट आता बेंगळुरूला असते. परवा तिने मेसेज वाचला आणि गप्प. मी उठून बादलीभर कपडे धुतले. चाळीस मिनिटांनी आलं, "सासूबाई आल्यात गं, उद्या बोलते."

कार्डावर भीती : तीन. या वेळी खरोखरची.