नो-कॉस्ट ईएमआयचा खरा हिशोब
30,000 रुपयांचा फोन क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत घेतलात, तर महिन्याला 5,000. व्याज असतंच, ते आधीच सूट म्हणून वळतं केलेलं असतं. वार्षिक 15 टक्के दराने ते सुमारे 1,270 रुपये होतं; त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 229 रुपये, तुमच्याच खिशातून जातात. प्रोसेसिंग फी वेगळी.

घोळ होतो तो ऑटो-डेबिटमध्ये, म्हणजे कार्डाचं बिल खात्यातून आपोआप भरण्याच्या सोयीत. तिथे ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान रक्कम) नव्हे, ‘टोटल ड्यू’ (पूर्ण बिल) निवडा. मिनिमम भरल्याने लेट फी टळते, पण उरलेल्या रकमेवर व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ही चूक फार महागात पडते! तारीख चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लेट फी त्यानंतरच लावता येते.