लार्ज फॉरमॅट घेताय? मग घडीचाच घ्या

नागपुरात फिल्मवर फोटो काढणारी पोरं परत वाढून राहिली, मला तर फार आनंद होतो बघून, आणि आता त्यातलेच काही जण विचारतात की ४×५ मध्ये, म्हणजे चार बाय पाच इंचाच्या मोठ्या फिल्मवर (हाच लार्ज फॉरमॅट), जायचंय, कोणता कॅमेरा घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, घडीचा घ्या. मोनोरेलमध्ये, म्हणजे एका दांड्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यात, मुव्हमेंट्स (लेन्स आणि मागची काच सरकवायची-झुकवायची सोय) भरपूर असतात, सेकंडहँड बरेचदा स्वस्तही पडतो, पण तो गाडीवर घेऊन गावाबाहेर जायचं म्हटलं की जीव नको होतो, मग तो घरीच राहतो.

घडीचा मिटला की वीतभर लांबरुंद पेटी. बऱ्याच मॉडेलांत समोरची फळी खाली पाडायची, तीच कॅमेऱ्याचा तळ होते, मग आतला पुढचा भाग रुळावरून बाहेर ओढून कसायचा, त्याच्यामागे बेलोज, म्हणजे घड्यांचा भाता, उलगडत येतो, लेन्सबोर्ड (लेन्स लावलेली फळी) बसवला की झालं. हा पुढे निमुळता होत जाणारा बेलोज १८५७ मध्ये किनिअर नावाच्या स्कॉटिश माणसाने आणला, एकेक घडी दुसरीच्या आत बसते म्हणून एवढा लांब बेलोज एवढ्याशा जागेत मावतो. आणि हा किनिअर पेशाने आर्किटेक्ट होता, मला ही गोष्ट फार आवडते, काहून की या कॅमेऱ्याची खरी मजा इमारती काढतानाच कळते.

लोकांना वाटतं घडी फक्त बॅगेत मावावा म्हणून. पण ज्या स्क्रूंवर आणि सांध्यांवर तो मिटतो, बहुतेक त्याच जागी लेन्स वर सरकते, पुढे झुकते, बाजूला वळते. मिटायची सोय आणि मुव्हमेंट एकाच जागेतून येतात.

रामटेकला गडावर घेऊन जा म्हणजे समजेल. पायऱ्या चढून वर गेलं की देवळासमोर मागे सरकायला फारशी जागा नाही, साधा कॅमेरा तोंड वर करून धरला की शिखर मागे कलंडल्यासारखं दिसतं. इथे कॅमेरा वर करायचाच नाही. मागची काच, जिच्यावर चित्र दिसतं, ती ओळंब्यात सरळ ठेवायची, काळं कापड डोक्यावर घ्यायचं आणि नुसती लेन्स वर सरकवायची. काचेवर सगळं उलटं दिसतं, आभाळ खाली, पायऱ्या वर, डावं उजवीकडे, आणि लेन्स जसजशी वर जाते तसतसा काचेच्या खालच्या काठातून कळस आत येतो, भिंती मात्र सरळच्या सरळ. पहिल्यांदा बघाल तेव्हा कापडातून बाहेर यावंसं वाटणार नाही. फक्त लेन्सचं वर्तुळ, म्हणजे ती मागे टाकते ते गोल चित्र, मोठं पाहिजे, ४×५ चा कर्ण साधारण १५० मिमी, आणि १५० मिमीची चांगली लेन्स एफ/२२ ला, म्हणजे छिद्र बारीक केल्यावर, २१० मिमीच्या आसपास वर्तुळ देते, तेवढीच सरकवायला जागा, त्यापुढे कोपरे काळे. (माकडांपासून होल्डरची, म्हणजे फिल्म भरून न्यायच्या चपट्या डब्यांची, बॅग सांभाळा, तिथे ती फार आहेत.)

पायाखालच्या फरशीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं शार्प पाहिजे असेल तर लेन्स थोडी पुढे झुकवायची. यामागचा नियम श्याइमफ्लुग या ऑस्ट्रियन कॅप्टनच्या नावाने ओळखला जातो, त्याचं पेटंट १९०४ चं, आणि तो बिचारा हवेतून काढलेले तिरपे फोटो सरळ करायच्या मागे होता.

आता कोणता घ्यायचा. इन्ट्रेपिड ब्रायटनला बनतो, प्लायवूडचा, वजन सव्वा किलोच्या आसपास, सुरुवातीला मस्त, पण वाऱ्यात हलतो. लिनहॉफ टेक्निका धातूचा, दगडासारखा पक्का, वजन अडीच किलोच्या वर आणि किंमत तर विचारू नका. स्पीड ग्राफिक १९१२ ते १९७३ बनत होता, प्रेसवाल्यांचा कॅमेरा, मजबूत आहे पण मुव्हमेंट्स कमी, इमारतींसाठी मी नाही सांगणार. आणि आपल्याकडचा वागीश्वरी, केरळात अलप्पुळाला बनायचा, सागवान आणि पितळ, जुन्या स्टुडिओंमध्ये अजून पडून असतील, कुठे दिसला तर सोडू नका बाप्पा.

मे महिन्यात मात्र दुपारी काढायला जाऊ नका. ४५ डिग्रीत कापडाखाली माणूस उकडून निघतो, चेंजिंग बॅगेत (उजेड न जाणारी पिशवी, तिच्यात हात घालून फिल्म भरतात) हाताला घाम सुटतो आणि त्याचे डाग फिल्मवर येतात, म्हणून मी उन्हाळ्यात होल्डर रात्री बाथरूममध्ये दिवे बंद करून भरतो, कूलरपासून लांब. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० डिग्रीला पाहिजे आणि टाकीचं पाणी हात भाजेल इतकं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्याच लागतात.

जुना घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी अंधाऱ्या खोलीत बेलोज पूर्ण ताणून आत टॉर्च लावा, घड्यांचे कोपरे नीट बघा, उन्हाने तिथेच आधी चिरा पडतात. एखादं भोक काळ्या रंगाने बुजतं, रांगच दिसली तर नव्या बेलोजचा खर्च किमतीतून कमी करून मागा.