तीन डोळ्यांचा नरकासुर

सोमवार, नरकचतुर्दशी, दुपार

झोप अजिबात झालेली नाही. पहाटे अंगाला तेल, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, त्याचा कडू रस जिभेला लावून तोंड वाकडं करणं, मग पाच तऱ्हेचे फोव (घरात आम्ही मराठीच बोलतो, पण आजच्या दिवशी आई त्यांना पोहे म्हणत नाही, पोहे म्हटलं की कांदेपोहे वाटतात म्हणे) आणि वर आंबाड्याचं रायतं. डोळे मिटतायत. तरी बसलेय लिहायला, कारण उद्या ऑफिस, परत फोंडा-पणजी बस, आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मी निम्मं विसरलेली असणार.

तर झालं असं की काल रात्री आमच्या वाड्यावरच्या पोरांनी स्पर्धेसाठी जो नरकासुर (पहाटे जाळायचा पुतळा) उभा केला त्याचं तोंड माझ्या कॉमिकातल्या खलनायकाचं, चुरेखाऊचं होतं.

आता हे पहिल्यापासून लिहायला हवं. लॉकडाऊनमध्ये पहिले काही दिवस पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आलाच नाही, सकाळचा तो भोंपू ऐकू येईना, आणि मला ते पावाहून जास्त लागलं. तेव्हा टॅबवर सहज एक चित्र काढलं, अंतराळस्थानकात सायकलवरून पाव विकणारा पोदेर, मागे वेताची टोपली, अंगात कबाय (पोदेरांचा जुना झगा) आणि डोक्यावर काचेचं हेल्मेट. एकाची दोन पानं झाली, दोनाची दहा, आणि आज पाच वर्षं झाली दर शुक्रवारी एक पान टाकतेय. टोपणनावाने. ऑफिसात कोणाला माहीत नाही, घरात आईला एवढंच माहीत की ‘ती रात्री टॅबवर काहीतरी करते’.

सुरुवातीला मी विज्ञानाची फार पर्वा करत नव्हते. मला काय, उंडे, कांकणं (बांगडीसारखे कडक पाव), कातरे पाव आणि खिडकीतून दिसणारी पृथ्वी, झालं. मग एक मेल आला. कोल्हापूरकडच्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांचा. पहिलंच वाक्य, ‘आपला पोदेर सायकल कोणत्या दिशेने मारतो ते कृपया कळवावे.’

मला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण नाही, खाली अख्खं गणित होतं. मी एका पानावर कोपऱ्यात लिहून गेले होते की स्थानक चाकासारखं फिरतं, मिनिटाला दोन फेऱ्या, म्हणून आत वजन पृथ्वीसारखंच लागतं. मास्तरांनी त्यावरून चाकाची त्रिज्या काढली, २२४ मीटर. म्हणजे कडेचा रस्ता एक पूर्ण फेरी मारली तर १४०० मीटर, आणि ती कड मुळातच ताशी १६९ किलोमीटरने पळतेय. आता पोदेर ताशी १८ने सायकल मारतो असं धरा. चाक फिरतंय त्याच दिशेने गेला तर त्याचा वेग त्यात मिळतो आणि ६० किलोचा माणूस ७३ किलोच्या वर जातो, उलट्या दिशेने गेला तर तोच ४८ किलोचा. खाली मास्तरांची टीप, ‘सबब शहाणा पोदेर भरलेली टोपली घेऊन उलट दिशेने जाईल व रिकामी घेऊन कसाही येईल.’

मी त्या दिवशी बसमध्ये उभ्याने ते चार वेळा वाचलं. माझं पात्र, मी काढलेलं, आणि त्याच्या मांड्यांना किती भार पडतो ते कोल्हापुरात बसलेल्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं! पुढच्या शुक्रवारपासून माझा पोदेर पाव विकायला कायम उलटा जातो, आणि स्थानकात नवीन आलेला एक उर्मट पोरगा सुलटा जातो आणि दुसऱ्याच वळणावर धापा टाकतो. तो पोरगा हे सगळ्यात लाडकं पात्र झालंय वाचकांचं. मास्तरांना मी सहलेखक म्हणून नाव देऊ का विचारलं तर म्हणाले नको, मी फक्त वाचतो.

फक्त वाचतो म्हणे.

चुरेखाऊचा जन्मही असाच. एका बाईंनी लिहिलं की चाकाच्या कडेला ठीक आहे, पण पोदेर मधल्या आसापाशी वर्कशॉपात पाव द्यायला जातो तिथे वजनच नाही, मग पावाचा चुरा खाली पडणार नाही, तरंगणार, यंत्रात जाणार, माणसांच्या डोळ्यांत जाणार. आणि हे खरंच आहे, १९६५ साली जेमिनी ३ यानात जॉन यंगने खिशातून चोरून सँडविच नेलं होतं, सोबतच्या गस ग्रिसमने एक घास घेतला तर तुकडे सुटायला लागले म्हणून त्याने ते खिशात टाकलं, आणि त्यावरून पुढे अमेरिकेच्या संसदेपर्यंत बोंब झाली. अजूनही तिथे पावाऐवजी टॉर्टिया नेतात, म्हणजे आपल्या चपातीचीच बहीण. तर पोदेराच्या धंद्यावरच गदा! म्हणून मग चुरा ओढणारा रोबो काढला, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचं नाक आणि चार चकचकीत गोल डोळे. आधी बिचारा नोकर होता, पण चुरा खाऊन खाऊन त्याला पावाची चटक लागते आणि तो पोदेराच्या मागे लागतो, तिथून तो खलनायक.

मला हल्ली असं वाटायला लागलंय की सायन्स फिक्शनची अर्धी मजा ही असल्या भोचक लोकांत आहे. अमेरिकेत १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅकने फक्त विज्ञानकथांचं पहिलं मासिक काढलं, तर त्यात वाचकांची पत्रं छापताना तो खाली पूर्ण पत्ते छापायचा. झालं, लोक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले, ‘तुम्ही मागच्या अंकात जे मंगळाबद्दल म्हणालात ते साफ चूक आहे’ वगैरे, भांडता भांडता ओळखी, ओळखीतून क्लब, क्लबातून संमेलनं. पुढे दिलेल्या पुरस्काराला ह्यूगोचंच नाव आहे, पण मला विचाराल तर त्यातला थोडा पत्ते जुळवणाऱ्या कंपोझिटरलाही जायला हवा होता.

आणि ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानमालिकेची गोष्ट तर मला दर वेळी सांगाविशी वाटते, कालही पोरांना सांगितली, त्यांनी ऐकली की नाही माहीत नाही. बीबीसीने साठच्या दशकातले कितीतरी भाग नंतर पुसून टाकले, टेपा महाग, जागा नाही, आणि परत कोण बघणार. पण तेव्हाच काही घरांतून पोरं टीव्हीसमोर माइक धरून बसलेली असायची, आवाज तरी आपल्याकडे राहावा म्हणून. आज जे भाग हरवलेत त्या प्रत्येकाचा आवाज आहे, चित्र नाही पण आवाज पूर्ण आहे, तो त्या टेपांमुळे. त्या आवाजावर नवीन ॲनिमेशन करून काही भाग परत दाखवले. मला नेहमी वाटतं, त्या घरांतल्या आया मागून ओरडत असतील ना, जेवायला ये म्हणून, आणि पोरगं तोंडावर बोट ठेवून बसलेलं.

माझ्या धंद्यातलं, म्हणजे वेबकॉमिकातलं, उदाहरण म्हणजे एक्सकेसीडी या इंग्रजी वेबकॉमिकचं ते २०१३चं लांबलचक चित्र. समुद्रकाठी दोन काडीमाणसं वाळूचा किल्ला करतायत, बस. पण आधी दर अर्ध्या तासाने आणि मग दर तासाने चित्र किंचित बदलायचं, चार महिने, ३०९९ चित्रं! वाचक पाळ्या लावल्यासारखे बघत बसले. एका रात्रीच्या दृश्यात आकाश दिसलं तर त्यातल्या ताऱ्यांच्या जागांवरून लोकांनी काढलं की ही गोष्ट आजची नाही, हजारो वर्षं पुढची आहे. काढणारा रँडल मन्रो पूर्वी नासाच्या कामावर होता, त्याने तारे मुद्दामच तसे ठेवले होते. पण ते कोणीतरी बघेल याची खात्री असल्याशिवाय माणूस एवढी मेहनत घेईल? मी पार्श्वभूमीला तारे म्हणून ब्रशने पांढरे ठिपके मारते आणि मोकळी होते. म्हणजे मारत होते.

मराठीतलं सांगायचं तर नारळीकर. २०२५च्या मे महिन्यात गेले. फोंड्याला शाळेच्या लायब्ररीत त्यांचं पुस्तक मी इतक्यांदा नेलं होतं की कार्डावर ओळीने माझंच नाव. त्यांनी पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. बक्षीस मिळालं जगतापांना. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि स्पर्धेत कोरा होऊन उतरावंसं वाटलं. माझं टोपणनाव त्याच चालीचं आहे, नक्कल म्हणा हवं तर. एकदा पुस्तक काढायचं म्हणून एका ठिकाणी पानं घेऊन गेले होते तर तिथले गृहस्थ चाळता चाळता म्हणाले, छान आहे, पण मराठीत हे असलं कोण वाचतं, लहान मुलांसाठी आहे का? मी हो म्हणून उठले. का हो म्हटलं कोण जाणे. वर्षभर राग येत होता, त्यांचा कमी, माझा जास्त.

तर कालची रात्र. साडेनऊला शेजारचा बारावीतला पोरगा दारात, हाताला कोपरापर्यंत खळ. ‘ताई, जरा येता? तोंड जमना.’ मी म्हटलं माझ्याकडे कशाला, आर्टचे सर आहेत की तुमच्या मंडळात. तर तो खाली बघत म्हणाला, ‘ते कॉमिक तुमचंच ना?’

मी आईकडे बघितलं. आई फोव निवडत होती, तिने मानही वर केली नाही.

‘कोणी सांगितलं?’

‘कोणी ना. त्यात पोदेराच्या घराकडे तुळस आहे, तिच्या वृंदावनाचा उजवीकडचा कोपरा तुटलेला आहे. तुमच्या तुळशीचा तसाच तुटलेला. आणि तो कोपरा मीच तोडलाय, चौथीत असताना, बॉलने.’

काय बोलणार? पाच वर्षं मी नाव लपवलं, ऑफिस लपवलं, गाव लपवलं, आणि वृंदावनाचा कोपरा मात्र जसाच्या तसा काढून ठेवला, कारण माझ्या डोळ्यासमोर तुळस म्हटली की तीच येते. त्याने तीन वर्षं ओळखून कोणाला सांगितलंही नव्हतं, म्हणजे मित्रांना सोडून. मित्र म्हणजे अख्खं मंडळ.

देवळामागच्या मांडवात गेले. लोखंडी सांगाडा, बांबू, आत सुकं गवत ठासलेलं, वरून रद्दी पेपरचे थर, पंधरा-सोळा फूट तरी असेल. बाजारातून मुखवटा आणला नव्हता, मुद्दाम. हातात पावाची टोपली, कोणाच्या तरी आजीची खरी, वेताची, ‘जाळायच्या आधी काढा हां’ या अटीवर आणलेली. नाकाला वॉशिंग मशीनची जुनी नळी. डोळ्यांना सीडी. एक दहाएक वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून एकटाच कागदाच्या पट्ट्या चिकटवत होता, न बोलता, रात्री दोनपर्यंत. (१९३९च्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन भविष्यातल्या माणसाचा वेश घालून गेला म्हणून नाव त्याचं झालं, तो वेश शिवला होता मर्टल डग्लसने. बक्षिसाचा चेक घ्यायला आमच्या मंडळाचे अध्यक्ष गेले असते, ते तेव्हा घरी झोपले होते.)

मला बोलावलं होतं ते जबड्यासाठी. माझ्या चित्रात चुरेखाऊचा जबडा खाली लोंबतो, आणि प्रत्यक्षात तो लोंबेना, ओल्या कागदाचं वजन येऊन तुटायचा. दोनदा तुटला. शेवटी पोरांनीच सायकलची जुनी ट्यूब कापून बिजागरीसारखी लावली, मी नुसती टॉर्च धरून उभी. पाच वर्षं मी तो जबडा काढतेय आणि तो कशावर टांगलेला आहे हा प्रश्न मला पडला नव्हता.

आणि सीड्या तीनच मिळाल्या. चौथी शोधायला दोघं घरोघर फिरून आले, आता कोणाकडे सीडीच नाहीत. तीनच लावल्या, चौथ्या जागी काळं वर्तुळ रंगवलं. बारावीतला पोरगा माझ्याकडे बघून, ‘चालेल ना ताई? की चूक दिसतली?’

स्पर्धेत नंबर आला नाही. ज्यांचा आला त्यांचा नरकासुर हात हलवत होता, डोळ्यांतून लाल लाइट, ठीक आहे, चांगला होता. पहाटे कृष्ण झालेल्या आठ वर्षांच्या मुलाने पुठ्ठ्याचं चक्र फेकलं, ते नळीला लागून परत आलं, दुसऱ्यांदा लागलं, मग पेटवला. गवत भस्सकन गेलं. टोपली काढायची कोणालाच आठवण राहिली नाही, ती आजी आज वाड्यावरून सगळ्यांना शोधत फिरतेय.

मास्तरांना फोटो पाठवला होता, आत्ता उत्तर आलंय. ‘अभिनंदन. चौथा डोळा केव्हा व कसा गेला ते आगामी अंकात येईल अशी अपेक्षा.’

टॅब चार्जिंगला लावलाय. शुक्रवारच्या पानाची आठ पॅनेल तयार होती, चुरेखाऊ सगळ्यांत चार डोळ्यांचा. सातव्यापर्यंत राहू दे, आठव्यात पोदेर उलट दिशेने येतो, हातात कडक कांकण, नेम धरून मारतो.