सव्वीस महिन्यांची चौकट

22 सप्टेंबर 2024 हा रविवार होता, आणि रविवारी संध्याकाळी सांगलीतील आमच्या डेस्कवर परदेशी बातमीची वाट पाहत सहसा कोणी बसत नाही. विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यामुळे पहिले पान पक्षांतरांनीच भरलेले असे. त्या दिवशी मात्र श्रीलंकेच्या अध्यक्षपदाचा निकाल रेंगाळला होता. डावे नेते अनुरा कुमार दिसानायके 42.31 टक्के मते घेऊन पुढे होते, पण निम्म्याचा टप्पा कोणालाच गाठता न आल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजण्याची वेळ त्या देशावर प्रथमच आली होती. आटपाडी आणि जतकडची डाक आवृत्ती आधी सोडावी लागते, त्यामुळे पान अडवून ठेवायचे की सोडून द्यायचे, यावर आमची कुजबुज सुरू होती.

निकाल आला आणि वृत्तसंपादकांनी मथळा सांगितला, ‘जनउठावाचा विजय, लंकेत डाव्यांची सत्ता’. सोबत छायाचित्र हवे होते ते 9 जुलै 2022 चे, आर्थिक संकटातून पेटलेल्या उठावात राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातील जलतरण तलावात उतरलेल्या आंदोलकांचे. आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री पंढरपूरच्या बातम्यांच्या शेजारी आम्हीच ते छापले होते. मी हरकत घेतली. मथळा आणि छायाचित्र शेजारी आले की तलावात उतरलेल्या माणसांनीच दिसानायके यांना खुर्चीवर बसवले असे वाचकाला वाटणार, आणि मधले सव्वादोन वर्षांचे राजकारण पानावरून पुसले जाणार, असे माझे म्हणणे होते. “मग ते चौकटीत लिहा, दोनशे शब्दांत,” असे म्हणून ते फोनकडे वळले.

त्या मधल्या काळात काय घडले होते? राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे 13 जुलैला मालदीवला पळाले आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूरहून त्यांनी राजीनामा दिला. 20 जुलैला संसदेने रानिल विक्रमसिंघे यांना 134 मतांनी निवडले, आणि ती मते मुख्यतः राजपक्षे यांच्याच पक्षाच्या खासदारांची होती. दोन दिवसांत लष्कराने कोलंबोतील गॉल फेस मैदानावरील आंदोलकांच्या तळावर छापा घातला. मार्च 2023 मध्ये याच सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी 48 महिन्यांचा, सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केला. उठावाने खुर्ची रिकामी केली खरी, पण ती भरण्याचा अधिकार त्या घटकेला संसदेत ज्यांचे हात होते त्यांच्याकडेच राहिला. दिसानायके यांच्या आघाडीचे तेव्हा 225 पैकी तीन खासदार होते. 2019 मध्ये त्यांना स्वतःला जेमतेम तीन टक्के मते मिळाली होती, आणि जनता विमुक्ती पेरामुना या त्यांच्या पक्षाचे नाव निघाले की जुन्या पिढीला 1971 चे आणि 1987 ते 89 मधले रक्तपाती बंड आठवत असे. 2024 मध्ये त्यांच्याकडे मते वळली ती जुन्या सत्ताधारी घराण्यांवरचा विश्वास उडाल्यामुळे.

चौकट लिहिताना सहज इतर देशांच्या तारखा काढल्या आणि मी चकित झालो. बोलिव्हियात नैसर्गिक वायूच्या निर्यातीविरोधात एल आल्तो शहर पेटले आणि ऑक्टोबर 2003 मध्ये अध्यक्ष सांचेस दे लोसादा अमेरिकेला पळाले, पण डावे नेते इव्हो मोरालेस निवडून आले ते डिसेंबर 2005 मध्ये. चिलीत मेट्रोचे भाडे 30 पेसोंनी वाढल्यावरून ऑक्टोबर 2019 मध्ये भडका उडाला आणि डावे गाब्रिएल बोरिक डिसेंबर 2021 मध्ये जिंकले. श्रीलंकेत जुलै 2022 ते सप्टेंबर 2024. तिन्ही ठिकाणी सव्वीस महिने! आकडा जुळला हा योगायोग आहे; पण दोन वर्षांची दरी मला योगायोग वाटत नाही, कारण जुन्या पक्षांची पत पूर्ण जाईपर्यंत आणि नव्यांना रस्त्यावरची माणसे मतदानकेंद्रापर्यंत नेता येईपर्यंत तेवढा अवधी जातोच. (आपल्याकडे तो याहून लांबला. सांगली जिल्हाच साताऱ्यात होता तेव्हा इंग्रजांविरुद्धच्या समांतर प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, पण 1946 नंतर सत्ता काँग्रेसकडे गेली आणि क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट म्हणून साताऱ्यातून लोकसभेत पोहोचले ते 1957 मध्ये, तेही विरोधी बाकावर.)

पान सोडताना आमच्या आटपाडीच्या बातमीदाराचा फोन आला. पाण्याच्या मोर्चांत त्याची निम्मी हयात गेलेली. “साहेब, एक सांगा, नाणेनिधीचं कर्ज हे बुडवणार का फेडणार?” मी म्हणालो, बहुधा फेडतील. तो हसला. “म्हणजे आपल्या टेंभू उपसा सिंचन योजनेसारखंच. पाणी आणलं मोर्च्यानं, पण पंपाचं वीजबिल कुणी भरायचं, हे मोर्च्यात कुणी बोललंच नव्हतं.”

त्याचे ते वाक्य चौकटीत घालता आले नाही, पण पुढच्या बातम्या मी त्याच नजरेने लावत गेलो. मोरालेस यांनी 1 मे 2006 रोजी वायूक्षेत्रांत लष्कर पाठवून राष्ट्रीयीकरण जाहीर केले, चढ्या दरांमुळे पैसा आला आणि गरिबी खरोखर घटली. परंतु डिसेंबर 2010 मध्ये इंधनाचे अनुदान काढताच त्यांचेच लोक रस्त्यावर आले आणि आठवड्याच्या आत निर्णय फिरवावा लागला. 2025 मध्ये तिथे वायूही आटला होता, डॉलरही नव्हते, आणि अध्यक्षीय निवडणुकीच्या अंतिम फेरीत डाव्यांचा उमेदवारच उरला नाही. बोरिक यांच्या चिलीत नव्या राज्यघटनेचा मसुदा सप्टेंबर 2022 मध्ये 62 टक्के मतदारांनी फेटाळला.

दिसानायके यांना नोव्हेंबर 2024 मध्ये 159 जागा मिळाल्या, म्हणजे संसदेची अडचण त्यांना उरली नाही. नाणेनिधीचा कार्यक्रम मात्र त्यांनी चालूच ठेवला, आणि पहिल्या अर्थसंकल्पात व्याज वगळता राष्ट्रीय उत्पन्नाच्या (जीडीपी) 2.3 टक्के शिलकीचे उद्दिष्टही कायम राखले. जानेवारी 2025 मध्ये तिथले वीजदर सरासरी 20 टक्क्यांनी उतरले, जूनमध्ये 15 टक्क्यांनी पुन्हा चढले. दुसरी बातमी आतल्या पानावर एका कॉलमात गेली. आटपाडीच्या बातमीदाराने ती तिथेही शोधली आणि सकाळी फोन करून विचारले, “तिथं शेतीपंपाला वेगळा दर आहे का हो?”