दगडफूल : ना फूल, ना वनस्पती

काळ्या मसाल्यासाठी नाशिकच्या रविवार कारंज्यावरून आणलेले दगडफूल निवडायला आईने परवा माझ्यापुढे ठेवले, तेव्हा त्यातून सालीच्या बारीक कपच्या निघाल्या. म्हणजे नावात दगड असला तरी हा जीव वाढला होता झाडाच्या खोडावर.

दगडफूल हे शैवाक आहे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून ते घडते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि बुरशी त्याला निवारा देते. शास्त्रीय नाव मात्र त्यातल्या बुरशीचे मानले जाते, म्हणून वर्गीकरणही बुरशीचेच होते. मसाल्यातले प्रमुख दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम : अ‍ॅस्कोमायकोटा विभाग, लेकॅनोरेल्स गण, पार्मेलिएसी कुल. विल्यम हडसन यांनी १७६२ मध्ये त्याला लायकेन पर्लाटस म्हटले, पुढे ते पार्मेलिया प्रजातीत गेले आणि १९५२ मध्ये पार्मोट्रेमात आले. बाजारातल्या एका पुडीत बहुधा अनेक जाती मिसळलेल्या असतात, हेही इथेच सांगायला हवे.

एक रुंद पापुद्रा उलटा करून पाहिला. वरून फिकट राखाडी, खालून काळा. मध्यभागी मुळांसारखे आखूड तंतू, पण कडेचा तपकिरी पट्टा पूर्ण गुळगुळीत. हा तंतूविरहित पट्टा पार्मोट्रेमाची महत्त्वाची खूण आहे. ते तंतू खोडाला धरून ठेवण्यापुरतेच असतात. पाणी मिळते ते पाऊस, धुके आणि दव यांतून, थेट सर्वांगाने.

म्हणूनच या जिवाला ओलसर, मोकळी हवा आणि पुरेसा उजेड लागतो, आणि धुरातला सल्फर डायऑक्साइड त्याच्या अनेक जातभाईंना सोसत नाही. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला गेल्यावर जुन्या खोडांवर असे पानासारखे पसरलेले राखाडी शैवाक मी दर पावसाळ्यात पाहतो. ते नेमके कोणत्या जातीचे, हे नुसत्या नजरेने ठरवणे योग्य नाही, त्यासाठी रासायनिक चाचण्या लागतात. पण पहिल्या सरीनंतर त्यावर चढणारी हिरवट झाक कोणालाही दिसेल, कारण भिजलेला वरचा थर पारदर्शक होतो आणि आतले शैवाल डोकावते.

अशी वाढ वर्षाला मोजक्या मिलिमीटरनेच होते. वाटेवरच्या एका खोडावरचा तळहाताएवढा तुकडा कोणीतरी खरवडून नेला होता. पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हाही ती जागा तशीच उघडी होती.